ट्रक साठने चालव म्हटलं तर ड्रायव्हर ऐकतो का?

सुप्याचा_शेठ
मंडळी, धागा थोडा धंद्यातला आहे. पण इथे गाडीवाले आहेत, इंजिनिअर आहेत, परदेशात राहणारे आहेत, म्हणून विचारतो.

माझ्याकडे दोन दहा टायरी गाड्या. दोन्ही बीएस-६, एकाच महिन्यात घेतलेल्या. चाकणला माल भरायचा, नगर करून संभाजीनगरजवळ सावंगीला समृद्धीवर चढायचं आणि बुटीबोरीला खाली करायचं, असं बांधलेलं काम आहे. एका गाडीला ३.९ चं ॲव्हरेज पडतं, दुसरीला ३.३. आधी वाटलं नोझलचं काही असेल. वर्कशॉपला दाखवलं, काही निघालं नाही. मग ड्रायव्हरांच्या गाड्या आपसात बदलल्या, तर ॲव्हरेज ड्रायव्हरबरोबर गेलं! ३.९ वाला दुसऱ्या गाडीलाही ३.९ काढतो.

जीपीएसवर बघितलं. एकजण ५५-६० ला धरून बसतो. दुसरा गव्हर्नर (वेग अडवणारं यंत्र) अडवेपर्यंत दाबतो, म्हणजे ८०. सातशे किलोमीटरला साधारण ३० लिटरचा फरक. डिझेल नव्वदीच्या घरात धरा आणि महिन्याच्या सात-आठ खेपा धरा. माझा एका गाडीचा हप्ता निम्मा यात जातो.

त्याला चार वेळा समजावलं. "हो शेठ" म्हणतो आणि टोलनाका ओलांडला की पुन्हा तेच. रागावून उपयोग नाही, ड्रायव्हर मिळत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. तर याला साठवर आणायचं कसं?

गणपा
आधी शेठने स्वतःची फॉर्च्युनर साठने चालवून दाखवावी. हलकं घ्या.

सुप्याचा_शेठ
गणपाभाऊ, फॉर्च्युनर असती तर ३० लिटरसाठी धागा काढला असता का? जुनी बोलेरो आहे. ती साठच्या वर जातच नाही.

भौतिकी_मास्तर
दोघांच्या ॲव्हरेजमधला फरक हिशेबात बसतो. इंजिन मुख्यतः दोन गोष्टींशी झगडतं, टायरचा रोध आणि हवेचा रोध (घाट सोडून देऊ). टायरचा रोध गाडीच्या वजनावर ठरतो, वेगाने त्यात फार फरक पडत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चे ८० केलेत तर वेग वाढला एक तृतीयांशाने, पण हवा ढकलायला लागणारा जोर झाला पावणेदोन पटीहून थोडा जास्त.

तुमची भरलेली गाडी २८ टन धरली तर ढोबळ हिशेब असा येतो: साठला डिझेलचा मोठा वाटा टायर खातात, हवा एक तृतीयांश. ऐंशीला निम्मं-निम्मं. एकूण रोध सव्वापटीच्या थोडा वर जातो. ॲव्हरेज अगदी तेवढंच घसरत नाही, कारण थोडा जोर असताना इंजिन जास्त कार्यक्षम चालतं. ३.९ चे ३.३ पटण्यासारखं आहे.

आता गंमत बघा. गाडी रिकामी असली की टायरचा रोध एकदम कमी होतो, पण हवेला आत माल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून साठवरून ऐंशीला जाताना रिकाम्या गाडीचा रोध जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे वेगाचा फटका टक्केवारीत रिकाम्या गाडीलाच जास्त. आणि नेमकी रिकामी गाडीच ड्रायव्हर सगळ्यात जास्त पळवतो.

कोथरूडची_मिसळ
मास्तर, हे शाळेत असं शिकवलं असतंत तर मी आज कुठे असते!

भौतिकी_मास्तर
कोथरूडलाच असता, पण मिसळ रिकाम्या पोटी खाल्ली नसतीत.

उजवी_लेन
तुमचं डिझेल वाचेल हो, आमच्या रक्तदाबाचं काय? एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमध्ये साठने चाललेला ट्रक, डावीकडे अठ्ठावन्नने चाललेला, आणि मागे आमची वरात. पाठीवर 'वेग ४० कि.मी.' आणि 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' असं दोन्ही लिहिलेलं.

गणपा
दुसरं एसटीच्या पाठीवर असतं भाऊ. ट्रकवर असतं 'हॉर्न ओके प्लीज'. तेही राज्य सरकारने २०१५ साली बंद केलं. पेंटरच्या हाताला अजून सवय आहे, त्याला काय करणार.

उतारवाट
मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून लिहिते. डिझेल वाचवा म्हटलं की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणं. काही तर इंजिनच बंद करतात. मी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराच्या कडेला राहते, रोज बघते. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या, त्यात हेच कारण पोलिसांनी सांगितलं होतं.

इंजिन बंद म्हणजे एअर ब्रेकला हवा भरणारा कंप्रेसर बंद. टाकीत जेवढी हवा आहे तेवढ्यावर मोजक्या वेळा ब्रेक लागतो, मग नाही. पॉवर स्टिअरिंगही जातं. शेठ, तुम्ही ॲव्हरेजवर बोट ठेवाल, पण तो माणूस ते कुठून काढेल याचा विचार करा.

चौदा_टायर
ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. म्या चोवीस वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता मुलाचं टायरचं दुकान सांभाळतो, म्हणून निवांत लिहितो.

आमच्या येळंला मालक डिझेल मोजून द्यायचा. गाडीला चारचं ॲव्हरेज लावायचा, गाडी देत असो नसो. कमी पडलं तर पगारातून कापणार, उरलं तर ड्रायव्हरचं. उरलेलं कॅनने ढाब्याच्या मागं जायचं, त्याचे पैसे रोख. आता सांगा, ड्रायव्हर उतारावर गिअर काढणार का नाही? कसारा घाटात आम्ही सगळे इंजिन बंद करून सोडायचो. लासलगावचा कांदा, वाशीचं मार्केट. पहाटेच्या आत गाडी लागली पाहिजे, नाहीतर भाव गेला. त्यामुळं चढाला दाबायचं आणि उताराला सोडायचं.

एकदा पावसात, दोन नंबरच्या वळणावर, पायाखालचा ब्रेक नुसता खाली गेला. हवेचा काटा बघितला तर तांबड्यात. किन्नर (क्लीनर) पोरगं दार उघडून उडी मारायला निघालं होतं. त्याचा शर्ट धरला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. गटारीत चाक गेलं म्हणून थांबली. पोरग्याला काही झालं नाही. आमच्या मालकाने विचारलं, कांदा किती सांडला? त्या खेपेनंतर म्या घाट उतरताना गिअर कधी काढला नाही. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे आमच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते पटायला अकरा वर्षं लागली.

भौतिकी_मास्तर
चौदा_टायर, नमस्कार घ्या. त्यात एकच जोडतो. आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर डिझेल पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं डिझेल जातं. म्हणजे जुन्या पंपाच्या गाडीची सवय नव्या गाडीत धोक्याचीही आणि तोट्याचीही.

उजवी_लेन
हे बाकी माहीत नव्हतं. मी कारमध्येही न्यूट्रल करायचो. आता बंद.

हॅम्बर्गकर
इथली गोष्ट सांगतो. युरोपात अवजड ट्रकला ९० चा लिमिटर सक्तीचा आहे, जर्मनीत ऑटोबानवर त्यांची कायदेशीर मर्यादा तर ८० च. वर टॅकोग्राफ, म्हणजे चालवण्याचे तास नोंदणारं यंत्र: साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबा, दिवसाला साधारण नऊ तासच. सगळं कागदावर सुंदर. पण ड्रायव्हरला नऊ तासांत जेवढे किलोमीटर बसवता येतील तेवढे बसवायचे असतात. म्हणून ८९ वाला ट्रक ८८ वाल्याला ओव्हरटेक करायला निघतो आणि दोघं चार मिनिटं शेजारीशेजारी धावतात. याला इथे 'एलेफांटेनरेनेन' म्हणतात, हत्तींची शर्यत. उजवी_लेन यांना इथेही करमेल. फक्त इथे ती डावी लेन असते.

उजवी_लेन
म्हणजे नावही बदलावं लागेल.

ओहायोचा_पाहुणा
अमेरिकेने हा प्रयोग अख्ख्या देशावर केला होता. ऑक्टोबर १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं आणि जानेवारी १९७४ मध्ये निक्सननी कायद्यावर सही केली: देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. त्याच्या आधीच, डिसेंबरात, स्वतःच्या मालकीचे ट्रक चालवणाऱ्यांनी हायवे अडवले होते. डिझेल महाग आणि वेग कमी, दोन्हीकडून मार, असं त्यांचं म्हणणं. मैलावर पैसे मिळणाऱ्याला वेग कमी म्हणजे मजुरी कमी. मग सीबी रेडिओवरून (गाडीतला बिनतारी संच) पुढे पोलीस कुठे उभे आहेत ते एकमेकांना सांगत ट्रक पळायचे. १९८७ ला गावाबाहेरच्या इंटरस्टेट हायवेवर ६५ मैल चालू केले आणि १९९५ ला देशव्यापी मर्यादा रद्दच झाली.

आता मोठ्या कंपन्या आपणहून ट्रकचा वेग ६५ मैलांच्या आसपास बांधतात, कारण डिझेलचं बिल त्यांनाच भरायचं असतं. जे कायद्याने धड जमलं नाही ते बिलाने जमवलं.

सुप्याचा_शेठ
मग मीही गाडी ६० ला बांधून टाकू का? वर्कशॉपवाला म्हणतो होईल.

चौदा_टायर
बांधा. पण दोन लेनच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओलांडताना मध्येच गाडी अडखळली आणि समोरून एसटी आली, तर केबिनमध्ये ड्रायव्हर असणार, तुम्ही नाही. समृद्धीवर ठीक. नगरच्या रस्त्याला ऐंशीपर्यंत हात मोकळा पाहिजे.

लिंबाखाली
माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. इथे सगळे ड्रायव्हर वेग का घेतो यावर बोलताहेत आणि कोणी त्याच्या वेळेबद्दल विचारत नाही.

आम्ही लहान असताना बाबा 'दोन दिवसांत येतो' म्हणून जायचे आणि पाचव्या दिवशी यायचे. आईला वाटायचं रस्त्यात काहीतरी झालं. नंतर कळलं, रस्त्यात फार काही होत नसे. कारखान्याच्या गेटवर गाडी उभी असायची. आज नंबर लागत नाही, आज क्रेनवाला नाही, आज साहेब नाहीत. गेटबाहेर ना संडास, ना पाणी. खेपेवर पैसे असल्यामुळे ते दोन दिवस फुकट. मग नंबर लागला की हेच लोक फोन करायचे, "माल अर्जंट आहे, लवकर पोचव."

१९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. गेटवरचे तास त्यात मोजायचे की नाही, हे बाबांना कुणी कधी सांगितलं नाही.

शेठ, तुमच्या ८० वाल्या ड्रायव्हरला एकदा विचारा, बुटीबोरीला गाडी किती तास उभी असते.

चौदा_टायर
पोरी, डोळ्यात पाणी आणलंस. सातशे किलोमीटरला साठने पावणेबारा तास, ऐंशीने पावणेनऊ. तीन तास वाचले. आणि ते तीन तास जातात कुठं? गेटवर बिडी ओढण्यात.

कोथरूडची_मिसळ
+१ लिंबाखाली. इतके ट्रक ओलांडून जाते, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

टेलिमॅटिक्सवाला
माझं कामच हे आहे, तीनेकशे गाड्यांचा डेटा रोज बघतो. थोडं सांगतो.

एक, सरासरी वेगावर जाऊ नका. मी ८० वाले असेही बघितलेत जे चांगलं ॲव्हरेज काढतात आणि ६० वाले जे काढत नाहीत. डिझेल खातो तो दचकणारा पाय. दाबा, ब्रेक मारा, परत दाबा. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं डिझेल ब्रेकच्या लायनरला घासून उष्णता करून सोडून दिलं. लांबवर बघून पाय आधीच उचलणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याला जावयासारखा सांभाळा. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात राहतो का बघा.

दोन, उभ्या गाडीचं इंजिन. गेटवर रात्रभर इंजिन चालू ठेवलेलं मला कितीतरी गाड्यांत दिसतं.

तीन, हवा. टायरमधली. दर खेपेला गेजने मोजा, हातोडीने ठोकून आवाजावर नाही.

चौदा_टायर
हातोडीला नावं ठेवू नका. आतल्या जोडटायरची हवा पूर्ण गेली असेल तर हातोडी लगेच बोलते. पाच-दहा पाउंड कमी असेल तर नाही बोलत, तेवढं मान्य. गेज वापरा.

पंखा_फुल्ल
उभ्या गाडीत इंजिन चालू का असतं? एसीसाठी. २०२५ सालात नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय. ड्रायव्हरला एसी द्या आणि डिझेल वाचवा, दोन्ही कसं जमायचं?

चौदा_टायर
मे महिन्यात दुपारी अकोल्याला केबिनमध्ये बसून दाखवा, मग बोलू. खाली इंजिन, वर पत्रा. एसीत चार तास झोपलेला ड्रायव्हर तुमचं जेवढं डिझेल खाईल त्याच्या शंभरपट तुमची गाडी वाचवेल.

पंखा_फुल्ल
मी विरोध केला नव्हता काका, हिशेब विचारला होता.

चौदा_टायर
मग ठीक. आवाज चढला आमचा, सवय आहे. केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही ना.

कोथरूडची_मिसळ
पाठीवरच्या वाक्यांचा वेगळा धागा काढा ना कोणीतरी. मी परवा वाचलं: 'पळवू नको, घरी बायको ओरडते'.

गणपा
तो ट्रक माझाच. खोटं, बायको माझी.

संपादक_मंडळ
पाठीवरच्या वाक्यांसाठी नवा धागा काढावा, इथे मूळ विषयावर राहावं ही विनंती. (वाक्य भारी आहे.)

उतारवाट
मूळ विषयावर येते. शेठ, वाचलेल्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरला द्यायचा विचार करत असाल तर चौदा_टायर यांचा कसारा पुन्हा वाचा. नुसतं 'उरलं ते तुझं' म्हटलंत तर पहिला बळी उताराचा.

टेलिमॅटिक्सवाला
बीएस-६ गाडीत न्यूट्रलमधलं धावणं रिपोर्टमध्ये वेगळं दिसतं. बक्षिसाला अट घाला: चालत्या गाडीत न्यूट्रल दिसलं तर त्या खेपेचं बक्षीस शून्य. एक-दोन ठिकाणी हे चालताना पाहिलंय.

सुप्याचा_शेठ
सगळ्यांचे आभार. धागा काढून सव्वा महिना झाला, म्हणून काय झालं ते लिहितो.

लिंबाखाली यांनी सांगितलं तसं त्याला विचारलं. चहा घेतला, अर्धा तास बोललो. आजवर मी फक्त फोनवरच बोललो होतो, ते माझ्या लक्षात आलं. बुटीबोरीला दुपारी चारच्या आत गेटवर नोंद झाली तर त्याच दिवशी गाडी खाली होते, चार वाजून गेले तर दुसऱ्या दिवशी दुपार. तो ऐंशीने पळतो ते चार वाजता पोचायला. आणि चाकणला गाडी भरून निघायला उशीर मी करतो, कारण मालाचे कागद, बिल्टी आणि ई-वे बिल, माझ्या ऑफिसमधून वेळेत जात नाहीत. म्हणजे ३० लिटर डिझेल माझ्या टेबलावर सांडत होतं.

दुसरा, ३.९ वाला, त्याला या चार वाजण्याचं काहीच नाही. तो म्हणतो, "मी पोचतो तेव्हा पोचतो. गेटवर झोपतो." तो एकटा आहे. ऐंशीवाल्याची मुलगी दुसरीत आहे, त्याला घरी यायचं असतं.

आता बिल्टी आदल्या संध्याकाळी तयार करतो. बुटीबोरीच्या माणसाशी बोलून सकाळचा नंबर ठरवून घेतला, चार खेपांत तीनदा पाळला. बक्षीस ठेवलं, न्यूट्रलच्या अटीसकट. गाडी बांधलेली नाही.

मागच्या तीन खेपा ३.५, ३.६, ३.६. त्याने काल गाडीचा फोटो पाठवला, समृद्धीवरच्या पंपावर उभी आहे. सोबत टाकतो.

भौतिकी_मास्तर
वा! ३.३ वरून ३.६ म्हणजे सातशे किलोमीटरला सतरा-अठरा लिटर. अभिनंदन.

लिंबाखाली
दुसरीतल्या पोरीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या.

चौदा_टायर
शेठ, फोटो मोठा करून बघा. ताडपत्रीचं मागचं डाव्या अंगाचं टोक सुटलंय, रस्साही ढिला दिसतोय. हवा आत शिरून गाडी मागं ओढत असणार. त्याला म्हणावं पंपावरच बांधून घे, बुलढाण्यापुढं वारा फार असतो.